न संपणाऱ्या खेळाचा धंदा

लेक जिनिव्हा हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं तळ्याकाठचं छोटं गाव. शिकागोची माणसं उन्हाळ्यात तिथे हवापालटाला जातात, आपण माथेरानला जातो तशी. थंडीत मात्र गाव गोठून गप्प असतं. १९७४ सालच्या अशाच थंडीत तिथल्या एका घरी पुठ्ठ्याचे डबे भरायचं काम चाललं होतं. डब्याला लाकडाच्या रेषांचा तपकिरी कागद, त्यावर चिकटवलेलं लेबल, आत तीन पातळ पुस्तिका. घरची मोठी माणसं आणि पोरं, जो मोकळा असेल तो हात लावत होता. एकूण १००० प्रती. किंमत १० डॉलर. खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’.

घर गॅरी गायगॅक्सचं. वय पस्तीस, पदरात पाच मुलं. शिकागोत विमा कंपनीत तो जोखमीचे अंदाज बांधायचा. १९७० मध्ये ती नोकरी गेली आणि तो तळघरात यंत्र मांडून लोकांचे बूट दुरुस्त करू लागला. उरलेला वेळ युद्धखेळांचा. वाळूच्या टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे आणि नियमांच्या वहीप्रमाणे लढाया लढायच्या, हा तिकडच्या मोठ्या माणसांचा जुना छंद. आपल्याकडे दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडतात. तो किल्ला वर्षभर ठेवला, प्रत्येक मावळ्याच्या चालीला नियम लावला आणि दर शनिवारी दोस्तांनी मिळून लढाई केली, तर जे होईल ते.

त्या छंदातून हा खेळ कसा निघाला याची गोष्ट मोठी सुंदर आहे. मिनियापोलिस-सेंट पॉलकडचा डेव्ह आर्नेसन हा तरुण ‘ब्लॅकमूर’ नावाचा डाव चालवत असे. त्यात प्रत्येक गड्याकडे पलटण नव्हती, एकच माणूस होता. तो माणूस किल्ल्याखालच्या भुयारात उतरायचा, तिथून जिवंत परतला तर अनुभवाने शहाणा व्हायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरायचा. आर्नेसनने हा खेळ लेक जिनिव्हाला आणून दाखवला. गायगॅक्सने त्याला नियमांचा आकार दिला. युद्धखेळांची तेव्हाची मोठी प्रकाशनसंस्था होती अ‍ॅव्हलॉन हिल. तिने हा खेळ घेतला नाही. म्हणून गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये स्वतःचीच कंपनी काढली, टॅक्टिकल स्टडीज रूल्स, पुढे सगळे म्हणायला लागले टीएसआर. दोघांनी हजार-हजार डॉलर घातले. डॉनने तर त्यासाठी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं. तेवढ्याने छपाई होईना. मग ब्रायन ब्लूम हा तिसरा गडी दोन हजार घेऊन आला आणि छापखान्याचं बिल भागलं.

खेळ कसा चालतो हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी टेबलाशी जाऊ. चार-पाच जण बसलेत. एक जण सूत्रधार, त्याच्यासमोर उभा केलेला पुठ्ठा आणि त्याआड त्याच्या टाचणांचे कागद. बाकीच्यांपुढे एकेक कागद, त्यावर आपापल्या पात्राचं बळ, चपळाई, शहाणपण आकड्यांत लिहिलेलं.

“जिना संपतो तिथे लोखंडी दार आहे,” सूत्रधार सांगतो. “दाराखालून गार वारा येतोय.”

“मी दाराला कान लावते.”

“टाक फासा.”

वीस बाजूंचा फासा घरंगळत जातो. सतरा.

“आत कुणीतरी भांडी घासतंय.”

टेबलावर क्षणभर शांतता. मग सगळे एकदम बोलायला लागतात. या तळघरात भांडी कोण घासतंय? कैदी असेल? दार फोडायचं की टकटक करायची? पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही, सूत्रधारालाही पुरतं नाही. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, जिंकणं-हरणं नाही. डाव रात्री थांबतो तो पुढच्या आठवड्यापुरता. काही मंडळी एकच डाव वीस-वीस वर्षं खेळतायत.

आता हेच दृश्य प्रकाशकाच्या डोळ्यांनी बघा. टेबलाशी पाच माणसं आणि पुस्तक एक. तेही सूत्रधाराने घेतलेलं. ते वीस वर्षं चालणार, कारण नियम झिजत नाहीत. भुयार, राक्षस, खजिना, गावचा लबाड खानावळवाला, सगळं सूत्रधार स्वतः रचू शकतो. पुस्तकच त्याला ते शिकवतं. म्हणजे माल जितका चांगला, तितकं गिऱ्हाइकाला पुन्हा दुकानात यायचं कारण कमी. कादंबरी वाचून झाली की वाचक दुसरी शोधतो. पत्ते फाटले की नवा जोड आणतो. इथे गिऱ्हाईक समाधानाने घरी बसतं. गेल्या पन्नास वर्षांत या व्यवसायात जी भरभराट झाली, जी दिवाळी निघाली, जे कज्जे झाले, त्या बहुतेकांच्या मुळाशी मला ही एकच अडचण दिसते.

त्या पहिल्या हजार प्रती संपायला जवळजवळ वर्ष गेलं. पण संपल्या, आणि ज्यांनी घेतल्या त्यांनी इतरांना खेळ शिकवला. झेरॉक्स यंत्रं विद्यापीठांत आलेली होती. पुस्तिकांच्या नकला पोरांच्या हाती फिरल्या. नियमही असे गुंतागुंतीचे आणि अर्धवट की प्रत्येक गाव आपल्या परीने खेळायचं. त्या पुस्तिकांत असंही सांगितलेलं होतं की रानावनातल्या प्रवासासाठी अ‍ॅव्हलॉन हिलच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या खेळाचा पट वापरा. ज्या कंपनीने दार लावलं तिचाच माल घ्यायला सांगत होते! फाशांचीही तीच तऱ्हा. चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे खेळांच्या दुकानात मिळत नसत. शाळेत भूमिती शिकवायला घनाकृती विकणाऱ्या एका कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडून ते मागवले आणि पुढे टीएसआरने ते वेगळे विकायला काढले. पुस्तक एकदाच विकलं जातं, फासे मात्र हरवतात आणि प्रत्येक गड्याला स्वतःचे लागतात. हा या धंद्यातला पहिला शहाणपणाचा सौदा म्हणायला हरकत नाही.

आणि मग ३१ जानेवारी १९७५ ला डॉन के हृदयविकाराने गेला. छत्तिसाव्या वर्षी. कंपनीचे हिशेब, टपालाने आलेल्या मागण्या, पार्सलं, सगळं त्याच्या घरून चालायचं. त्याचा हिस्सा विकत घ्यायला गायगॅक्सकडे पैसे नव्हते. ब्लूम कुटुंबाकडे होते. नव्याने बांधलेल्या कंपनीत ब्लूम मंडळींचे समभाग जास्त झाले आणि खेळाचा कर्ता स्वतःच्याच कंपनीत अल्पमतात गेला. दहा वर्षांनी हेच त्याला भोवलं. १९८५ मध्ये ब्लूमनी आपले समभाग लॉरेन विल्यम्स यांना विकले आणि गायगॅक्स कंपनीबाहेर फेकला गेला. बूट शिवून घर चालवलेल्या माणसाने उभं केलेलं काम एका मित्राच्या मृत्यूनंतर, केवळ हाताशी रोकड नव्हती म्हणून सुटलं. हे वाचताना आजही जीव हळहळतो.

डॉन गेला त्याच सुमारास लंडनमध्ये स्टीव्ह जॅक्सन, इयन लिव्हिंगस्टन आणि जॉन पीक हे तीन तरुण एका भाड्याच्या फ्लॅटमधून खेळांचा किरकोळ व्यापार करत होते. कंपनीचं नाव गेम्स वर्कशॉप. त्यांनी काढलेलं एक साधंसं वार्तापत्र गायगॅक्सच्या हाती पडलं, त्याने खेळाची प्रत पाठवली, यांनी सहा प्रतींची मागणी नोंदवली. सहा! तेवढ्यावर त्यांना तीन वर्षांसाठी अख्ख्या युरोपातल्या विक्रीचे हक्क मिळाले. दोन्ही बाजू किती लहान होत्या ते यावरून कळावं. तीच गेम्स वर्कशॉप, पुढे स्वतःच्या युद्धखेळाच्या बाहुल्या विकून, डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. बाहुल्यांवर या मंडळींनी भर दिला हे उगाच नाही. बाहुली प्रत्येकाला वेगळी लागते आणि एकीने कुणाचं समाधान होत नाही.

पुढची अडचण कायद्याची. अमेरिकी कायद्यात खेळाची कल्पना आणि खेळायची पद्धत यांवर लेखनहक्क मिळत नाही. मिळतो तो ती पद्धत ज्या शब्दांत लिहिली त्या शब्दांवर, चित्रांवर. पाककृतीसारखंच. पुरणपोळी कुणाच्या मालकीची नसते, रुचिरातल्या कृतीची वाक्यं मात्र कमलाबाई ओगल्यांची. त्यामुळे डन्जन्स अँड ड्रॅगन्स आल्यावर पुढच्याच वर्षी अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सच्या केन सेंट अँड्रे याने ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ लिहून छापलाही. त्याला मूळ नियम किचकट वाटले, म्हणून त्याने आपले सोपे केले. कुणी त्याला थांबवू शकलं नाही. १९७७ मध्ये अंतराळप्रवासाचा ‘ट्रॅव्हलर’ आला, १९७८ मध्ये कॅऑसियम या कॅलिफोर्नियाच्या छोट्या संस्थेचा ‘रूनक्वेस्ट’, १९८१ मध्ये तिचाच ‘कॉल ऑफ कथुलू’. हा शेवटचा आजही छापला जातो आणि जपानमध्ये तर त्याचं अफाट वेड आहे. कॅऑसियमने एक गोष्ट केली जी मला फार मोलाची वाटते. आवृत्त्या सात काढल्या, पण नियमांचा सांगाडा फारसा हलवला नाही. चाळीस वर्षांपूर्वीची कथानकं किरकोळ फेरफार करून आज खेळता येतात. त्यामुळे नवी आवृत्ती आली म्हणून कुणाचं कपाट रद्दीत गेलं नाही.

कल्पना कुणाची, हा प्रश्न टीएसआरच्या घरातही पेटला. मूळ डब्यावर गायगॅक्स आणि आर्नेसन दोघांची नावं होती आणि विक्रीवर दोघांना मानधन ठरलेलं होतं. १९७७ पासून जाड बांधणीची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मालिका सुरू झाली: १९७७ ला राक्षसांचं पुस्तक, १९७८ ला खेळाडूंचं, १९७९ ला सूत्रधाराचं. कंपनीचं म्हणणं, हा वेगळा खेळ, त्यात आर्नेसनचा वाटा नाही. आर्नेसन १९७९ मध्ये कोर्टात गेला. १९८१ मध्ये तडजोड झाली आणि त्याला मानधन मिळू लागलं. भुयारात उतरणारा एकटा माणूस, त्याचा वाढत जाणारा अनुभव, या गोष्टी त्याच्या टेबलावर जन्मल्या होत्या. त्या नव्या पुस्तकांतही होत्याच. मी आर्नेसनच्या बाजूचा आहे.

टीएसआरनेही दुसऱ्यांच्या शेतातलं घेतलं होतं. टॉल्किनच्या कथांतले ‘हॉबिट’, ‘एन्ट’, ‘बॅलरॉग’ पहिल्या छपाईत सरळ नावानिशी होते. हक्कदारांकडून तंबी येताच हॉबिटचे ‘हाफलिंग’ झाले, एन्टचे ‘ट्रीयंट’. आणि आपल्याकडूनही घेतलं. १९७५ मध्ये टीएसआरच्या पत्रिकेत आणि मग १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात ‘राक्षस’ याच नावाचा प्राणी दाखल झाला. पण कसा? वाघाचं डोकं, अंगात उंची घरगुती कोट, हातात चिलीम, असा आरामखुर्चीतला सावकार शोभावा असा. गायगॅक्सला तो सुचला रामायणावरून नव्हे, एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या भागावरून. नंतरच्या आवृत्त्यांत त्याचे तळहात उलटे झाले. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे असतात. तिकडे राक्षसाचे तळहात. १९८० च्या देवदेवतांच्या पुस्तकात तर इंद्र, अग्नी, काली यांना अंगबळाचे आणि चिलखताचे आकडे लावून टाकले. मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा राग आला नाही, नवल वाटलं. ज्या माणसाने कधी हरदासाचं कीर्तन ऐकलं नाही, त्याच्या टेबलावर आपली पुराणं कुठून कुठून वळसे घेत पोचली होती. त्या राक्षसाकडे पुन्हा येऊच.

१९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध या खेळाशी जोडला. तो संबंध पुढे खोटा ठरला, पण गवगवा झाला आणि विक्री भडकली. चर्चमधून विरोध, सैतानी खेळाच्या वावड्या, १९८५ मध्ये दूरचित्रवाणीवर गंभीर चर्चा, आणि या सगळ्या काळात डबे हातोहात खपत होते. पैसा आला तशी टीएसआर फोफावली. भरतकामाचं साहित्य विकणारी कंपनी विकत घेतली. तळ्यात बुडालेली जुनी बोट बाहेर काढायच्या उद्योगाला पैसे दिले. १९८३ नंतर शेकडो माणसं कामावरून कमी करावी लागली.

त्या पडझडीतून कंपनीला सावरलं कादंबऱ्यांनी. १९८४ मध्ये मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगनलान्स’ मालिका आली आणि लाखांनी खपली. इथे प्रकाशकाला पहिल्यांदा हवं ते सापडलं: वाचून संपणारा माल. खेळ न खेळणारेही तो घेत. मग खेळातही तेच करायचं ठरलं. प्रत्येक नव्या जगाचा वेगळा डबा काढायचा. १९८७ मध्ये ‘फरगॉटन रेल्म्स’, १९८९ मध्ये जहाजांनी तारे ओलांडणारं ‘स्पेलजॅमर’, १९९० मध्ये भुताखेतांचं ‘रेव्हनलॉफ्ट’, १९९१ मध्ये वाळवंटी ‘डार्क सन’, १९९२ मध्ये अरबी कथांचं ‘अल-कादिम’, १९९४ मध्ये ‘प्लेनस्केप’, १९९५ मध्ये ‘बर्थराइट’. यातलं बरंच काम थोर होतं. प्लेनस्केपची चित्रं आजही डोळ्यांपुढून हलत नाहीत. पण डार्क सनमध्ये रमलेला सूत्रधार रेव्हनलॉफ्टचा डबा कशाला घेईल? गिऱ्हाईक वाढलं नाही, ते वाटलं गेलं. शिवाय रंगीत नकाशे, जाड पुठ्ठे, सुट्या पत्रिका यांनी काही डब्यांचा निर्मितीखर्च इतका चढला की जितके विकावेत तितकी खोट वाढे.

तरीही डबे निघत राहिले, आणि त्याचं कारण विक्रीत नव्हतं, उचलीत होतं. पुस्तकांच्या दुकानांतली टीएसआरची विक्री रँडम हाउस ही बडी प्रकाशनसंस्था सांभाळायची. करार असा की माल गोदामात पोचला की टीएसआरला पैसे मिळत, दुकानात विकला गेल्यावर नव्हे. न विकलेला माल परत पाठवायचा अधिकार रँडम हाउसचा. आता पगाराला पैसे कमी पडले तर काय करायचं? आणखी छापायचं, आणखी पाठवायचं. ऊसतोड कामगार मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतो आणि मग कितीही ऊस तोडला तरी ती फिटत नाही, तसंच. १९९६ मध्ये परतीचे गठ्ठे येऊ लागले. वर्षानुवर्षांचा न खपलेला माल, आणि सोबत पैसे फेडायची मागणी. कर्ज तीन कोटी डॉलरच्या आसपास गेलं. छापखान्याने थकबाकी भागेपर्यंत काम बंद ठेवलं. छापायचं बंद म्हणजे उचल बंद, उचल बंद म्हणजे पगार नाही. ‘ड्रॅगन’ हे मासिक, ज्यावर दोन पिढ्या पोसल्या, काही महिने निघालंच नाही.

टीएसआरला विकत घेतलं ते सिअ‍ॅटलजवळच्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने, १९९७ मध्ये, सुमारे अडीच कोटी डॉलरला. पीटर अ‍ॅडकिसनने ही कंपनी १९९० मध्ये घराच्या तळघरातून सुरू केली होती, आणि तीही भूमिकाखेळांची, म्हणजे अशाच पात्र घेऊन खेळायच्या खेळांची, पुस्तकं काढायलाच. पहिल्याच पुस्तकावर खटला झाला आणि कंपनी टेकीला आली. त्याआधीच गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड त्याच्याकडे एका पटावरच्या खेळाचा प्रस्ताव घेऊन आला होता. तो छापायची ऐपत नव्हती. अ‍ॅडकिसन म्हणाला, खिशात मावेल आणि मेळाव्यात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत खेळून होईल असं काही दे. त्यातून १९९३ मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ जन्मला. पाकिटात कुठले पत्ते निघतील ते ठाऊक नाही, म्हणून आणखी एक पाकीट. भूमिकाखेळाच्या प्रकाशकांना वीस वर्षं जे जमलं नाही, ते एका गणितज्ञाने पंधरा पत्त्यांच्या पाकिटात बसवलं. पत्त्यांच्या पैशांतून गोष्टींचा खेळ वाचला, हे ऋण आम्ही खेळणाऱ्यांनी विसरू नये. १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बलाढ्य कंपनीने विझर्ड्सला सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलरला घेतलं, तेही मुख्यतः पत्त्यांसाठीच.

विझर्ड्सच्या रायन डॅन्सीने टीएसआरचे कागद चाळले आणि नंतर लिहिलं की कंपनीने गिऱ्हाइकाला कधी काही विचारलंच नव्हतं. त्याने काढलेला उपाय या व्यवसायातला सगळ्यात धाडसी. खेळ टिकतो तो पुस्तकाने नाही, खेळणाऱ्यांच्या जाळ्याने टिकतो. सोबतचे चार जण जो खेळ खेळतात तोच पाचवा खेळतो. मग नियम कुलपात ठेवून काय मिळणार? २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘मुक्त खेळ परवाना’ आला. नियमांचा गाभा सगळ्यांना खुला; त्यावर कथानकं लिहा, जगं रचा, छापा, विका, आम्हाला काही देऊ नका. काही खास प्राणी आणि नावं तेवढी कंपनीने राखून ठेवली. प्रत्येक छोटा प्रकाशक कथानकं छापेल, आणि ते कथानक घेणाऱ्याला मूळ नियमांचं पुस्तक लागेल, जे आमचंच, असा हिशेब. खेळाडूंच्या पुस्तकाच्या प्रकाशनादिवशीच ग्रीन रोनिन या छोट्या संस्थेचं ‘डेथ इन फ्रीपोर्ट’ विक्रीला होतं. पुढची तीन वर्षं पुस्तकांचा नुसता पूर आला. त्यात सोनं होतं आणि पाचोळाही. २००३ मध्ये नियमांची सुधारित आवृत्ती निघताच दुकानदारांच्या फळ्यांवरचा साठा एका रात्रीत जुना झाला. कित्येक छोट्या संस्था त्यात बुडाल्या.

या छोट्या संस्थांचं गणित एकदा नीट बघायला हवं. पुस्तकाची छापील किंमत ५० डॉलर धरा. दुकानदार ते साधारण निम्म्याला घेतो. वितरक प्रकाशकाकडून घेतो चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे प्रकाशकाच्या हाती वीस डॉलर. त्यातून कागद, चार रंगांची छपाई, बांधणी, गोदाम, वाहतूक, संपादन, आणि सगळ्यात महाग म्हणजे चित्रं, कारण या पुस्तकात प्रत्येक दोन-चार पानांआड चित्र लागतं. उरलेल्यातून लेखक. दर शब्दावर, तीन, चार, पाच सेंट. पाच सेंटने लाखभर शब्दांचे पाच हजार डॉलर, तेही बहुधा एकरकमी, हक्क प्रकाशकाकडे. लाख शब्द म्हणजे भली मोठी कादंबरी, आणि इथे प्रत्येक नियम टेबलावर खेळून तपासायचाही असतो. त्यामुळे नावाजलेले लेखकही दिवसा दुसरी नोकरी करतात. या धंद्यावर लिहिणारे बहुतेक जण कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत रमतात आणि या माणसांपर्यंत येत नाहीत. खेळ उभा आहे तो यांच्या रात्रींवर.

विझर्ड्सने २००८ मध्ये चौथी आवृत्ती काढली आणि तिला मुक्त परवाना दिला नाही. तेव्हा पायझो या कंपनीने काय केलं? तिच्याकडे पूर्वी ‘ड्रॅगन’ मासिक चालवायचं कंत्राट होतं, ते २००७ मध्ये काढून घेतलं गेलं होतं. हाताशी लेखक होते, वाचक होते आणि जुना परवाना होता, जो रद्द होत नाही असाच सगळ्यांचा समज. त्यांनी जुने नियम दुरुस्त करून २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ काढला. काही काळ तो अमेरिकी दुकानांत मूळ खेळाच्याही पुढे गेला. विझर्ड्सने २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा दार उघडलं. आणि मग कुणालाच अपेक्षित नव्हतं ते घडलं. लोक दुसऱ्यांना खेळताना बघू लागले. आवाजी कलाकारांचा ‘क्रिटिकल रोल’ हा डाव २०१५ पासून इंटरनेटवर दिसू लागला. तासन्‌तास चालणारा तो खेळ पाहणाऱ्यांना खेळावंसं वाटू लागलं.

पैसे उभे करायची पद्धतही पालटली. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत आपल्याला नवी नाही: आधी नोंदणी करा, पुस्तक निघालं की कमी किमतीत घ्या. तीच रीत इंटरनेटवर किकस्टार्टर नावाने आली. २०२१ मध्ये ‘अवतार लेजंड्स’ या खेळासाठी मॅगपाय गेम्सने ९५ लाख डॉलर जमवले. दुकानदार आणि वितरक मधून गेले की हिशेब किती बदलतो ते कळतंच. पण जगभर पार्सलं पाठवायचा खर्च आधी कळत नाही. कॅऑसियमने कथुलूच्या सातव्या आवृत्तीसाठी असेच पैसे घेतले आणि टपालखर्चाने कंपनी इतकी घाईला आली की २०१५ मध्ये जुन्या संस्थापकाला परतून सूत्रं हाती घ्यावी लागली.

हॅस्ब्रोने २०२२ मध्ये ‘डी अँड डी बियॉन्ड’ ही खेळाची डिजिटल सेवा १४ कोटी ६३ लाख डॉलरला घेतली. दर महिन्याचं वर्गणीचं उत्पन्न, म्हणजे न संपणाऱ्या खेळाला न संपणारं बिल. आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांनी वरच्या रकमेवर २५ टक्के द्यावेत, आणि २००० सालचा जुना परवाना यापुढे ग्राह्य नाही. तेवीस वर्षं ज्या जमिनीवर लोकांनी घरं बांधली तिचा सातबारा बदलायचा म्हटल्यासारखं झालं. खेळणाऱ्यांनी वर्गण्या बंद केल्या. पायझोने इतर प्रकाशकांना घेऊन स्वतंत्र परवाना लिहायला घेतला. कंपनीने मतं मागवली. पंधरा हजारांहून जास्त लोकांनी भरभरून लिहिलं. २७ जानेवारीला माघार जाहीर झाली. जुना परवाना राहिलाच, शिवाय पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला, जो परत घेता येत नाही. मूळ निर्मात्याचं नाव द्या आणि हवं ते करा.

तो दस्तऐवज चारशे पानांचा आहे. शेवटाकडे प्राण्यांची अकारविल्हे यादी. कंपनीने आपल्या मालकीचे म्हणून वर्षानुवर्षं जपलेले प्राणी त्या यादीत नाहीत. डोळ्यांचा गोळा ‘बिहोल्डर’ नाही, मेंदू खाणारा ‘माइंड फ्लेअर’ नाही. आर अक्षराशी गेलं की तिथे राक्षस आहे. त्याचं बळ, त्याचं चिलखत, त्याला कुठली मंत्रविद्या येते, कुठली त्याच्यावर चालत नाही, सगळं आकड्यांत. उद्या सांगलीतल्या एखाद्या मुलीला वाटलं, तर ती त्याचं वाघाचं डोकं आणि उलटे तळहात काढून टाकून, आजीने सांगितलेला राक्षस त्या आकड्यांत बसवू शकते, छापू शकते, विकू शकते, आणि सिअ‍ॅटलला एक पैसाही पाठवावा लागत नाही.